सुट्टीत आवडलेलं मैत्रिणींना सांगायचंय, पण कोणी ऐकत नाही

पत्राचा सारांश: नाशिकला राहणाऱ्या, पन्नाशीच्या आसपासच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. यंदाचा मे महिना त्यांनी माहेरी, कुडाळजवळच्या गावात घालवला. भरपूर वाचलं, भाच्याबरोबर मल्याळम सिनेमे पाहिले, देवळासमोर जागून दशावतार हे कोकणातलं लोकनाट्य पाहिलं, पिंगुळीला जाऊन चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, पाहिली, दुपारी निवांत गाणं ऐकलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी परतल्यावर त्यांनी आठ जणींच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १७ गोष्टींची यादी टाकली. त्यात पाच पुस्तकं, सहा सिनेमे, दोन वेबमालिका आणि बाकी गाणी होती. त्यावर दोन अंगठे आले, एकीने 'सेव्ह केलंय गं' एवढं लिहिलं आणि लगेच बोलणं भिशीच्या तारखेकडे वळलं. त्या विचारतात: लोकांना आता चांगल्या गोष्टींत रसच उरला नाही का? मी सांगणं बंद करू का? महिनाअखेरीस आम्ही भेटणार आहोत, तेव्हा प्रोजेक्टर लावून तासभर सगळं दाखवावं असं मनात आहे, ते कसं करू? दशावताराचं दोन तासांचं चित्रीकरण मोबाइलवर आहे, ते पाठवू का? आणि हयात लेखकाच्या, चार वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकाची पीडीएफ मिळालीये, ती ग्रुपवर टाकली तर चालेल ना?

ताई, सांगणं मुळीच बंद करू नका. मात्र त्या यादीचा आधी हिशेब मांडून बघा. सहा सिनेमे म्हणजे साधारण १२ तास. दोन मालिका, प्रत्येकी आठ भाग, पाऊण तासाचा एक, म्हणजे आणखी १२ तास. पाच पुस्तकं दोनशे पानांची धरली आणि एकाला सहा तास लागले, तर ३० तास. गाणी सोडूनच ५४ तास झाले. तुमच्या मैत्रिणीने रोज एक तास काढला तरी जवळपास दोन महिने लागतील, आणि त्याआधी सतरातलं पहिलं काय उचलायचं हे तिलाच ठरवायचंय. यादीत सगळ्या गोष्टी एका ओळीत, एकाच मापाच्या दिसतात. अशा वेळी माणूस यादी जपून ठेवतो आणि पुढे सरकतो. 'सेव्ह केलंय' लिहिणारीने तुम्हाला टाळलेलं नाही. तिला जेवढं करता आलं तेवढं तिने केलं.

त्यात वेळही चुकली. तुम्ही सुट्टीतून नुकत्या परतला होता, डोकं मोकळं होतं. बाकीच्या सात जणींच्या घरी त्याच आठवड्यात गणवेश, वह्यांची कव्हरं, रिक्षावाल्याशी बोलणी, नाहीतर कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगा चालू असणार. राज्यात बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात आणखी थोड्या उशिरा. त्यामुळे जूनचा पहिला पंधरवडा या कामाला निरुपयोगी आहे. शाळांची घडी बसली, पाऊस लागला, संध्याकाळी घरात बसणं आलं, की तीच माणसं 'काहीतरी सुचव गं' म्हणून स्वतः विचारतात.

एक गोष्ट मात्र थोडी टोचेल, तरी सांगायला हवी. तुमच्या पत्रात बाकीच्या सात जणींनी सुट्टीत काय पाहिलं, काय वाचलं याचा एकही उल्लेख नाही. 'लोकांना रस उरला नाही' असा निष्कर्ष काढलाय, पण त्यांना विचारलेलं दिसत नाही. कदाचित एखादी रोज स्वयंपाक करताना कीर्तन ऐकत असेल, एखादीने नातवंडांबरोबर बसून चित्रांची पुस्तकं संपवली असतील. यादी टाकण्याऐवजी ग्रुपवर एवढंच लिहिलं असतं, 'सुट्टीत कोणाला काय आवडलं? प्रत्येकीने एकच सांगा', तर उत्तरं आली असती आणि तुमचंही ऐकलं गेलं असतं. आजही लिहिता येईल.

आता सतराचं काय करायचं ते बघू. सुट्टीत आवडलेल्या गोष्टीत सुट्टीचाही वाटा असतो. आंब्याखाली पडून, कुठलीही घाई नसताना वाचलेली कादंबरी नाशिकच्या बसमध्ये वाचणाऱ्याला तशीच लागेल असं नाही. म्हणून परतल्यावर पंधरा दिवस थांबा. त्या काळात न ठरवता कोणत्या गोष्टी मनात पुन्हा आल्या, कोणत्या बोलता बोलता तुमच्याच तोंडून निघाल्या, त्या एका कागदावर उतरवा. सतराच्या चार-पाच उरतील. मग त्या प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव लिहा. ज्या गोष्टीपुढे नाव सुचत नाही ती तूर्त तुमच्याजवळच ठेवा. ग्रुपवर टाकलेली शिफारस कोणाचीच नसते. एकीला फोन करून किंवा वेगळा मेसेज करून सांगितलेली गोष्ट तिची होते, आणि तिने ती पाहिली-वाचली की बाकीच्यांना तीच सांगते.

एक नमुना देते. समजा, तुमच्यातली एक चित्रकलेची शिक्षिका आहे. तिला 'पिंगुळीची चित्रकथी अप्रतिम, नक्की बघ' असं लिहिलंत तर तिला काहीच कळलं नाही. त्याऐवजी असं लिहा:

'तू मुलांना रामायणातले प्रसंग काढायला देतेस ना? कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले कलाकार एकेक चित्र हातात धरून त्यावर गोष्ट सांगतात. चित्रांतली माणसं एका बाजूने दिसतात, डोळे मोठे, रेषा जाड. चेहऱ्यांपेक्षा हात काय करतात ते बघ. परशुराम गंगावणे यांना यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी गोठ्याच्या जागेत संग्रहालय केलंय. मी काढलेले चार फोटो पाठवते. वर्गात एकच चित्र दाखवून मुलांना पुढचं चित्र काढायला सांगता येईल असं वाटतं.'

हे ऐंशीच्या आत शब्द आहेत. यात तिलाच का सांगताय ते आहे, बघायचं काय ते आहे, आणि पुढे करायचं काय तेही आहे. 'अप्रतिम', 'चुकवू नये असं' हे शब्द नाहीत. अशा शब्दांनी अपेक्षा एवढी वाढते की चांगली गोष्टही पाहणाऱ्याला थोडी उणी वाटते. त्यापेक्षा कुठे कंटाळा येईल ते आधी सांगून टाका: 'पहिली चाळीस पानं नातीगोती समजण्यात जातात, तेवढी सोस.' वाचणारी चाळिसाव्या पानाच्या अलीकडे पुस्तक मिटत नाही, कारण पुढे काहीतरी आहे हे तिला माहीत असतं.

पुस्तकाच्या बाबतीत आणखी एक काम तुम्हालाच करावं लागेल, ते कुठे मिळेल हे सांगण्याचं. नाशिकमध्ये तर त्याला सबब नाही. तुमचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. तिथे ते पुस्तक आहे का हे आधी विचारा आणि मैत्रिणीला तसं कळवा. स्वतःची प्रत देणार असाल तर आतल्या पानावर पेन्सिलीने नाव घाला, एका वहीत तारीख आणि कोणाला दिलं ते टिपा, आणि देतानाच सांगा की महिन्याने परत घेईन, वाचून झालं नसलं तरी चालेल. 'कधीही दे' म्हटलेली पुस्तकं हरवतात, आणि त्यापायी बोलणंही अवघडतं. न वाचलेलं पुस्तक परत करायला लाज वाटते म्हणून माणूस भेटच टाळतो. ती लाज तुम्ही आधीच काढून टाकायची.

सिनेमांपैकी एक निवडा. मल्याळम सिनेमा सुचवताना तीन बाबी सांगणं गरजेचं असतं. पहिली, तळाच्या ओळी वाचत बघायचा आहे की हिंदीत डब केलेला मिळतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली किंवा चष्म्याचा नंबर बदललेली मैत्रीण लांबच्या टीव्हीवर त्या ओळी वाचू शकत नाही, आणि हे ती तुम्हाला सांगणारही नाही. ती फक्त 'बघते गं' म्हणेल. दुसरी, घरातल्या मुलांसमोर लावता येईल का. एखादा मारहाणीचा प्रसंग तुम्हाला कथेच्या ओघात खटकला नसेल, पण समोर नऊ वर्षांचा नातू बसला असेल तर तिला टीव्ही बंद करावा लागेल आणि दोष तुमच्या शिफारशीला जाईल. तिसरी, तो आज कुठे आहे. ओटीटीवरचे सिनेमे करार संपला की निघून जातात, म्हणून मेमध्ये पाहिलेला सिनेमा तिथेच आहे का ते शोधून मगच सांगा. भाड्याने घ्यायचा असेल तर बहुतेक ठिकाणी ३० दिवसांच्या आत सुरू करावा लागतो आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवावा लागतो. हे माहीत नसलेली बाई अर्धा बघते, पुढच्या रविवारी पुन्हा लावायला जाते आणि पैसे वाया गेले म्हणते.

गाण्याबद्दल थोडक्यात. तुम्ही दुपारी पडून बडा ख्याल ऐकला, तुम्हाला आनंद झाला, आणि तोच दुवा तुम्ही न ऐकणाऱ्यांना पाठवला. विलंबित एकताल १२ मात्रांचा असला तरी लय अतिसंथ असेल तर एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, पाऊण ते एक मिनिट लागतं. ज्यांच्या कानाला सवय नाही त्यांना सम, म्हणजे फेरीची पहिली मात्रा, कधी आली तेच कळत नाही, म्हणून काहीच घडत नाहीये असं वाटतं. नव्या कानासाठी मध्य लयीतली तीनतालातली बंदिश निवडा, चार-पाच मिनिटांची. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, कुठल्या शब्दावर समेवर येतो तो शब्द आधी सांगा. तो शब्द तीनदा हाताला लागला की पुढचं ऐकणारीच शोधते.

दशावताराचं चित्रीकरण आहे तसं पाठवू नका. कारणं सांगते, कारण हीच गोष्ट तुमच्या सतरांमध्ये सगळ्यात मोलाची आहे आणि तीच सगळ्यात वाईट रीतीने पोहोचणार आहे.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं आणि कोण काय करणार हे ठरतं, आणि संवाद नट रंगमंचावर उभे करतात. आज ऐकलेला शब्द उद्याच्या खेळात असेलच असं नाही. एका बाकाचं सिंहासन होतं, तोच बाक पुढे रथ होतो. स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका, पुरुष करतात. हे सगळं समोर बसून पाहताना अंगावर येतं, पण मोबाइलच्या चौकटीत लांबून घेतलेला एक बाक आणि दोन माणसं एवढंच दिसतं. आवाजाचं तर आणखी कठीण. पायपेटी आणि पखवाज कर्ण्यातून येतात, मोबाइलचा माइक तेवढा दाब झेलत नाही, म्हणून वाद्यं फाटतात आणि मधले शब्द बुडतात. त्यातून पूर्वरंगात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, संकासुर मालवणीत बोलतो. ज्यांनी ती बोली कानावर घेतलेली नाही, त्यांना काळ्या कपड्यातलं, लाल जिभेचं ते पात्र हसवतंय की घाबरवतंय हेच समजणार नाही. तुम्ही माहेरची भाषा ऐकत होता, मैत्रिणी नाशिकच्या आहेत. हे अंतर तुम्हालाच भरावं लागेल.

म्हणून असं करा. दोन तासांतून पन्नास-साठ सेकंदांचा एकच तुकडा काढा. राजपार्टीचा, म्हणजे राजाची भूमिका करणाऱ्या नटाचा, प्रवेश असेल तर उत्तम. तिथली मराठी भारदस्त असते पण कळते, आणि पाऊल, नजर, तलवार यांतून बरंच पोहोचतं. युद्धाचा प्रसंग टाळा, कारण लांबून घेतलेल्या चित्रीकरणात त्याची नुसती पळापळ दिसते. तुकड्याआधी चार वाक्यांत गोष्ट कुठे आली आहे ते स्वतःच्या आवाजात बोलून पाठवा. लिहू नका, बोला, कारण संकासुराचं एखादं वाक्य तुम्ही मालवणीत म्हणून दाखवू शकता आणि लगेच त्याचा अर्थ सांगू शकता. तो तुकडा ग्रुपबाहेर जाण्याआधी मंडळाच्या मालकांना विचारलेलं बरं. माहेरच्या माणसांकडून त्यांचा नंबर मिळेल. या मंडळांचं पोट प्रत्यक्ष खेळांच्या सुपारीवर चालतं, आणि अख्खा खेळ कोणीतरी परस्पर इंटरनेटवर टाकलेला त्यांना आवडेलच असं नाही. पुढच्या वेळी चित्रीकरण करायचं झालं तर कर्ण्यापासून दूर, बाजूला बसा, फोन आडवा धरा, फ्लॅश बंद ठेवा. अंधारातून अचानक आलेल्या उजेडाने नटाचे डोळे दिपतात, आणि तो पुढचं वाक्य त्या क्षणी मनात जुळवत असतो.

आता महिनाअखेरची भेट. प्रोजेक्टर आणू नका. घरगुती बैठकीत त्याचं काय होतं ते बघा: वायर जुळत नाही, दिवसाउजेडी पडदा फिका पडतो, मोबाइलचं इंटरनेट मध्येच घुटमळतं, आणि ओटीटीचा सिनेमा पडद्यावर नेला की अनेकदा चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन येतो, कारण चोरीची नक्कल होऊ नये म्हणून ती सोयच तशी केलेली असते. वीस मिनिटं जुळवाजुळवीत गेल्यावर तुमचा तास ऐकायला कोणाचं मन थाऱ्यावर राहणार? आणि तसंही, एकीने तास बोलायचं आणि सात जणींनी ऐकायचं ही भेट झाली नाही.

आठ जणी आहात. प्रत्येकीला सहा मिनिटं बोलायला आणि तीन मिनिटं बाकीच्यांच्या प्रश्नांना. एकूण ७२ मिनिटं, चहाला पंधरा. दीड तासात सगळं बसतं. प्रत्येकीने एकच गोष्ट आणायची, आणि शक्य असेल तर वस्तू हातात आणायची. पुस्तक असेल तर पुस्तक, नाटक असेल तर तिकीट, पदार्थ असेल तर डबा. हो, पदार्थही चालू द्या. सुट्टीत सासरी शिकलेली एखादी खापरोळी ही तितकीच आवडती गोष्ट आहे, आणि 'माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही' म्हणणारी मैत्रीण त्या वाटेने बोलू लागेल. पुस्तक आणणारीने एक पान मोठ्याने वाचायचं. छापील पानाला दोन-अडीच मिनिटं लागतात, म्हणजे सहापैकी निम्म्याला थोडा कमी वेळ. घरी एकदा घड्याळ लावून वाचून बघा, नाहीतर प्रस्तावनेतच वेळ संपतो. गोष्टीचा शेवट सांगायचा नाही, हे आधी ठरवून घ्या. काही ऐकवायचं असेल तर तुकडा आदल्या दिवशी मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडून एकदा वाजवून बघा. पंख्याखाली आठ जणींना मोबाइलचा आवाज पुरत नाही.

तुम्ही शेवटी बोला. तुम्हाला सांगायचं खूप आहे, म्हणून पहिली बारी तुमची झाली तर बाकीच्या सात जणींचं आपसूक आखडेल. एकीला लिहून घ्यायला सांगा: गोष्टीचं नाव, कोणी सांगितली, कुठे मिळेल. संध्याकाळी तो आठ ओळींचा मेसेज ग्रुपवर टाकता येईल. तो मात्र वाचला जाईल, कारण प्रत्येक ओळीमागे कोणाचा तरी चेहरा असेल.

त्यानंतर 'बघितलंस का?' असं विचारू नका. महिनाभर तर नाहीच. विचारलं की ती गोष्ट गृहपाठ होते. कोणी आपणहून 'पाहिलं, पण मला नाही आवडलं' म्हणाली, तर समजवायला जाऊ नका. कुठपर्यंत पाहिलं आणि काय खटकलं ते विचारा. नावडीतून त्या माणसाची आवड जास्त नेमकी कळते आणि पुढची शिफारस चुकत नाही. मेलोड्रामा नको म्हणाली असेल तर तेही कामाचं उत्तर आहे.

पीडीएफचं उत्तर सरळ आहे. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क शाबूत असतात. साने गुरुजींचं निधन १९५० मध्ये झालं, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं त्यांचं स्वतःचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुलं आहे, ते हवं तेवढं वाटा. तुमचं पुस्तक हयात लेखकाचं, चार वर्षांपूर्वीचं आहे. मराठीत अशा पुस्तकाची आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची असणं नवलाचं नाही. आठ जणींनी फुकट वाचलं तर आठ प्रती गेल्या, आणि तुम्हाला तर ते पुस्तक आवडलंय. दोघी-तिघींनी मिळून एक प्रत विकत घ्या आणि ती फिरू द्या. मिळालेली पीडीएफ पुढे पाठवू नका.

राहिला दशावतार प्रत्यक्ष दाखवण्याचा विचार. पत्रात तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण दोन तासांचं चित्रीकरण जपणाऱ्या बाईच्या मनात ते असणारच. तुळशीच्या लग्नानंतर, कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास दक्षिण कोकणात जत्रा सुरू होतात आणि पावसाआधीपर्यंत खेळ चालतात. जत्रेतला खेळ पालखीनंतर, मध्यरात्रीच्या आसपास उभा राहतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो. रात्रभर जमिनीवर बसणं सगळ्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही, म्हणून घडीच्या खुर्च्यांची सोय माहेरी आधी करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुठलाही कार्यक्रम ठेवू नका. जत्रा तिथीवर ठरतात, तेव्हा गावाकडून तारीख दिवाळीआधीच पक्की करून घ्या. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि कोकणच्या गाड्या भरायला वेळ लागत नाही. आठही जणी येतील असं धरून चालू नका. तिघी जरी हो म्हणाल्या तरी तिकिटं काढा.